करळ, गोटे आणि खडी: तुकड्यांचा खडक कसा बनतो आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो कसा वाचायचा

ओहोटीला किनाऱ्यावरून चालताना कधीतरी असं होतं की पाय वाळूत रुततोय, रुततोय आणि मधेच एकदम रुतायचा थांबतो. खाली बघावं तर रंग तोच, शिंपल्यांचे तुकडे तेच, फक्त वाळू घट्ट झालेली, फरशी घातल्यासारखी. नखाने खरवडलं तर एखादा कण सुटतो, बाकी काही हलत नाही. ही वाळू आता वाळू राहिलेली नाही, ती दगड झालीय, आणि आपल्याकडे तिला करळ म्हणतात.

मला हा शब्द पुस्तकातून नाही मिळाला. आत्येच्या गावी ओहोटीला खाली गेले होते, कालवं काढायला आलेल्या एका काकींनी विचारलं, "काय गो बाय, काय शोधतेस?" मी तो घट्ट थर दाखवला तर म्हणाल्या, "तो करळ. आमच्या जुन्या विहिरीला आतून हाच लावलाय." मग त्यांच्या वाडीतली विहीर बघायला गेले आणि खरंच, कठड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या वर शिंपल्यांचे अर्धगोल दगडात रुतलेले दिसत होते. त्या दिवसापासून तुकड्यांचे खडक बघायचा नाद लागला तो लागलाच.

हा लेख ज्यांनी आजवर दगडाकडे फक्त दगड म्हणून बघितलंय त्यांच्यासाठी आहे. भूगोलाचं पुस्तक परत उघडायची गरज नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: अशा खडकात नजर आपोआप तुकड्यांकडे जाते, रंगीत गोटा, चमकणारा शिंपला वगैरे, पण खडक बनला तो तुकड्यांमुळे नाही, दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत काय भरलं त्यामुळे बनला. सुटे तुकडे तर अख्ख्या किनाऱ्यावर पडलेत, ते काय सगळे खडक झालेत का? म्हणून बघायची ती फट.

आधी वेळ ठरवा, मग पिशवी भरा

करळ बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे पाणी चांगलं खाली गेल्याशिवाय काही दिसत नाही. मोबाईलवर टाईड टेबल मिळतंच, पण आपल्याकडचा तिथीचा हिशोब पण शिकून ठेवा, फार कामाचा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या आसपास, ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, म्हणून द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठची ओहोटी गाठायची, ऊनही कोवळं असतं आणि तिरप्या उजेडात दगडाचे थर छान उठून दिसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा पाणी फारसं उतरत नाही, तो दिवस फुकट जातो. रायगडकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे, खाली मालवणकडे गेलात की कमी होतो, ते पण लक्षात असू द्या. आणि हा हिशोब अंदाजाचा आहे, कातळावर लांब जायचं असेल तर टेबल बघूनच जा आणि पाणी फिरलं की परत फिरा.

सामान थोडंच लागतं. दहा पटीचं भिंग, ते नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतो. एक छोटी पट्टी, एक लोखंडी खिळा, पिण्याच्या पाण्याची बाटली, दोन लिंबं, वही. पायात पट्ट्याची घट्ट सँडल किंवा जुने बूट, कारण कातळावर चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि शेवाळावरून घसरून पडलं की हात नेमका त्यांच्यावरच टेकतो. हातोडा नेऊ नका, का ते खाली येईलच.

पहिली पायरी: हा खरंच तुकड्यांचा खडक आहे का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून इथे जरा थांबू.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. तो तुकड्यांचा नाही, एकसंध थिजलेला आहे. पण लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि नंतर त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, झिओलाइट, कॅल्साइट, कधी गारगोटीच्या जातीची. असा दगड लांबून बघितला तर काळ्या चिखलात पांढरे गोटे रुतलेत असंच वाटतं. फरक कसा करायचा? पांढऱ्या ठिपक्याच्या कडेला भिंग लावा. बुडबुडा असेल तर खनिज बाहेरून आतल्या दिशेने वाढलेलं दिसतं, कधी मधे पोकळ राहिलेलं, कधी सुयांसारखे स्फटिक. गोटा असेल तर तो आतून एकसारखा असतो, त्याची स्वतःची झिजलेली कड असते आणि शेजारचा गोटा बहुतेक वेळा वेगळ्याच जातीचा असतो. बुडबुडे सगळे एकाच मालाने भरलेले असतात, गोटे मात्र वेगवेगळ्या गावचे असतात.

दुसरा फसवणारा म्हणजे हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर दिसतो तसा मधाच्या पोळ्यासारखा खोदलेला कातळ. ती नक्षी खाऱ्या पाण्याने केलेली आहे, मीठ दगडाच्या बारीक फटीत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटत जातो. तिथे काही चिकटलेलं नाही, उलट निघून गेलेलं आहे.

तिसरा जांभा. भोकाभोकांचा, लाल-पिवळा, हातात घेतला की तुकडे जोडून केल्यासारखा वाटतो. पण मूळ जांभा जागच्या जागी बनतो, पावसाच्या पाण्याने खडकातला सिलिका (गारगोटी ज्याची असते तो माल) वगैरे हजारो-लाखो वर्षं धुऊन नेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा जांभा. मात्र सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट उघड्या माथ्याच्या, पायथ्याशी, उताराला, कधीकधी जांभ्याचेच फुटके तुकडे गोळा होऊन लोहाने परत सांधले गेलेले सापडतात, आणि तो मग तुकड्यांचा खडक झाला. म्हणजे एकाच सड्यावर दोन्ही बघायला मिळू शकतात. बारीक बघा: तुकड्याची कड मधेच तुटलेली दिसते का, आणि तुकड्याच्या आतली भोकं, रेघा कडेपाशी येऊन एकदम थांबतात का? थांबत असतील तर तो तुकडा दुसरीकडे तुटून इथे आला.

आणि चौथं, माणसाने केलेलं. किल्ल्यांच्या जवळ, जुन्या बंदरांच्या जवळ चुन्याच्या काँक्रीटचे ढेकूळ समुद्रात पडलेले असतात. त्यात विटेचे, कौलाचे तुकडे आणि चुन्याचे पांढरे गोळे दिसतात. पण नुसती वीट दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका, कारण करळ इतक्या पटकन बनू शकतो की जगात काही किनाऱ्यांवर त्यात काचेच्या बाटल्या आणि लोखंडी भंगारसुद्धा पक्कं सांधलेलं सापडलंय. खरी खूण थर ही आहे. करळ पातळ पातळ थरांत असतो आणि ते थर समुद्राकडे हलके उतरते असतात, शेजारच्या पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार असतो जवळपास तसेच. तुटून पडलेल्या काँक्रीटला असा उतार कुठून असणार.

दुसरी पायरी: तुकड्याच्या कडा बघा

आता नक्की झालं की तुकडेच आहेत. मग पहिला प्रश्न, टोकदार की गोल?

घर बांधताना वापरतात ती क्रशरची खडी आठवा, आणि नदीतले गोटे आठवा. खडी कुठेही फिरलेली नाही, फोडली आणि टाकली, म्हणून कडा धारदार. गोटा लोळत, आपटत, घासत आलेला. टोकदार तुकड्यांचा खडक म्हणजे ब्रेशिया, मराठीत कोणाश्म. गोल तुकड्यांचा म्हणजे काँग्लोमरेट, मराठीत पिंडाश्म. दोन्ही नावं चांगली आहेत, कोन आणि पिंड, विसरायची सोय नाही.

कडा म्हणजे प्रवासाचा हिशोब असतो. टोक शाबूत असेल तर तुकडा जिथे तुटला तिथेच किंवा अगदी जवळ थांबला. गुळगुळीत असेल तर नदीने किंवा लाटांनी त्याला बराच लोळवलाय. आपल्या नद्या, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, गड, सह्याद्रीतून उतरून थोडक्या अंतरात समुद्राला मिळणाऱ्या, वरच्या अंगाला जबरदस्त उताराच्या. उन्हाळ्यात घाटाच्या पायथ्याशी नदीत उतरलात आणि मग खाली खाडीच्या दिशेने दोन-तीन ठिकाणी थांबत गेलात तर धोंड्यांचे गोटे, गोट्यांची रेती कशी होत जाते ते एका दिवसात डोळ्यांनी बघता येतं. मला वाटतं नवीन माणसाने करळाच्याही आधी हे करावं, कारण खडकात थिजलेली गोष्ट आधी चालू असताना बघितली की पुढचं आपोआप कळतं. एक काळजी घ्या, मऊ शिंपला आणि कठीण गारगोटी एकाच प्रवासात सारखे झिजत नाहीत, म्हणून गोलाईची तुलना करायची तर एकाच जातीच्या तुकड्यांची करा.

टोकदार तुकडे कुठून येतात? डोंगराच्या पायथ्याला साठलेली दरड हे एक, तिथे मोठा धोंडा, बारीक खडा, माती सगळं एकत्र, काहीच निवडलेलं नसतं. जमिनीतल्या भेगेवर दोन बाजू एकमेकींवर घासून चुरा होतो ते दुसरं. आणि आपल्याकडचं खास म्हणजे लाव्हाच्या प्रवाहाची साय. दुधावर साय धरते तसा वाहत्या लाव्हाचा वरचा थर आधी थंड होऊन कडक होतो, खालचा रस अजून पुढे चाललेला असतो, मग ती साय तुटते, तिचे तुकडे एकमेकांवर चढतात, गोळा होतात आणि नंतर लालसर मातकट माल आणि पांढरी खनिजं त्यांच्या फटी भरून काढतात. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे असा लालसर, खडबडीत, तुकड्यातुकड्यांचा पट्टा पुष्कळदा दिसतो. गाडी सुरक्षित जागी लावूनच बघा, वळणावर नाही आणि पावसाळ्यात तर अजिबातच नाही. मुंबईकरांना त्यासाठी घाटातही यायला नको, अंधेरीची महाकाली लेणी ज्वालामुखीच्या ब्रेशियात कोरलेली आहेत, आणि तो दगड लवकर झिजणारा असल्यामुळे तिथल्या मूर्तींची झीज पण दिसते.

तिसरी पायरी: आकार मोजा

याला फार वेळ नको. भूशास्त्रात २ मिलिमीटरपर्यंत वाळू धरतात, त्याच्या वर खडे. ४ मिमी म्हणजे मिऱ्याच्या दाण्याहून थोडं लहान, ६४ मिमी म्हणजे मोसंबं, २५६ मिमी म्हणजे मोठं शहाळं, आणि शहाळ्याच्या वर तो धोंडा. तुकडे २ मिमीच्या आतले असतील तर तो वालुकाश्म, वर असतील तर कडा बघून पिंडाश्म की कोणाश्म ते ठरवायचं. करळात बऱ्याचदा सगळंच असतं, एक थर नुसत्या वाळूचा, त्यावरचा शिंपल्यांच्या चुऱ्याचा, मधेच बेसाल्टच्या गोट्यांची ओळ. ती ओळ म्हणजे जोराच्या लाटांचे दिवस, कारण गोटे हलवायला ताकद लागते. सगळे कण एका मापाचे असतील तर पाण्याने निवडून ठेवलेत, लहानमोठं सगळं एकत्र असेल तर एका झटक्यात ओतलंय. गृहिणीने तांदूळ निवडून ठेवलेत की पोतं तसंच उलटं केलंय, एवढाच हा फरक.

चौथी पायरी: फट

आता मुख्य काम.

सुट्या वाळूत साधारण ४० टक्के जागा रिकामी असते. वरून गाळाचं ओझं वाढलं की कण जवळ सरकतात, पाणी पिळून निघतं, जागा कमी होते, पण नुसत्या दाबाने वाळूचा खडक होत नाही, ओझं काढलं की परत सुटी. त्या जागेत दोन प्रकारचा माल येऊ शकतो आणि हे दोन वेगळे धरायला शिकलात की निम्मं काम झालं. पहिला म्हणजे बारीक गाळ, तुकड्यांच्या सोबतच आलेला, फटीत जाऊन बसलेला. दुसरा म्हणजे पाण्यातून विरघळलेल्या रूपात आलेला आणि नंतर तिथे स्फटिक होऊन धरलेला, तो खरा सिमेंट.

मालवणी खाजं खाल्लंय ना? बेसनाच्या कांड्या म्हणजे तुकडे, आणि त्यांच्यावर आल्या-गुळाचा पाक. पाक ओतला तेव्हा पातळ होता, कांड्यांच्या मधे शिरला आणि मग थिजला, म्हणून ढेकूळ उचललं तर सगळं एकदम उचललं जातं. आता समजा पाकाऐवजी नुसतं बेसनाचं पीठ भुरभुरलं असतं. जागा भरली असती, पण उचलल्यावर सगळं हातातून गळलं असतं. पाक तो सिमेंट, पीठ तो गाळ. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरला अशाच एका खडकाला पुडिंगस्टोन म्हणतात, चकमकीचे गोटे सिलिकाच्या सिमेंटमध्ये बसलेले, आणि तो इतका पक्का की रोमन काळात त्याची जाती करत. त्यांना पुडिंग दिसलं, आपल्याला खाजं दिसायला काय हरकत आहे.

सिमेंट मुख्यतः तीन प्रकारचा भेटतो, चुन्याचा, लोहाचा आणि सिलिकाचा. ओळखायची रीत अशी.

चुन्याचा पांढरट, मळकट पिवळसर असतो, खिळ्याने ओरखडा उठतो. दगडाचा एक कोपरा गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, खिळ्याने थोडी भुकटी पाडा आणि तिच्यावर लिंबाचा रस टाका. भिंगातून बघितलं तर बारीक बुडबुडे सुटताना दिसतात, घाई करू नका, लिंबू हळू काम करतं. कोकमाचं आगळ पण चालेल पण लाल रंगात बुडबुडे नीट दिसत नाहीत. बाथरूम धुवायचं ॲसिड घेऊन किनाऱ्यावर जाऊ नका, हात भाजतील आणि तिथल्या जिवांना पण त्रास. इथे नवीन लोक हमखास एक चूक करतात: रस शिंपल्यावर पडतो, शिंपला स्वतः चुन्याचाच, तो फसफसणारच, आणि आपण म्हणतो सिमेंट चुन्याचा. रस दोन काळ्या कणांच्या मधल्या फटीवरच पडला पाहिजे.

लोहाचा सिमेंट तपकिरी, गंजासारखा, लाल किंवा हळदी रंगाचा, लिंबाला दाद देत नाही, हाताला रंग लागतो. सिलिकाचा सगळ्यात कठीण, काचेसारखा, खिळा घासला तर दगडावर ओरखडा उठण्याऐवजी खिळ्याचीच करडी रेघ उमटते.

आणि एक परीक्षा मला फार आवडते, तिला काहीच सामान लागत नाही. आधीच तुटून पडलेला तुकडा शोधा आणि तुटलेली बाजू बघा. भेग गोट्यांना वळसा घालून गेली असेल, म्हणजे गोटे अख्खे बाहेर डोकावतायत किंवा त्यांचे खळगे राहिलेत, तर सिमेंट गोट्यापेक्षा कमजोर. भेग गोट्याच्या आरपार गेली असेल, गोटा सुरीने कापल्यासारखा, तर सिमेंट गोट्याइतकाच पक्का. करळात बहुतेक वेळा पहिलं दिसतं.

करळ बनतो कसा

आता हे सगळं करळाला लावून बघू, कारण तुकड्यांचा खडक आपल्या डोळ्यांदेखत बनण्याच्या इतक्या जवळ दुसरीकडे कुठे जाता येत नाही.

आपल्या पुळणीत काळ्या पाषाणाचा चुरा असतो आणि शिंपले, शंख, कालवं यांचा चुरा असतो. समुद्राच्या उबदार, उथळ पाण्यात चुना विरघळलेल्या रूपात भरपूर असतो, इतका की थोडं निमित्त मिळालं की तो बाहेर पडायला तयार. ओहोटीला पाणी उतरतं पण वाळूच्या कणांच्या मधे, जिथे दोन कण एकमेकांना टेकतात तिथे, पाण्याचा थेंब अडकून राहतो. ऊन लागतं, पाणी उडतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, आणि चुना कणांच्या अंगावर बारीक सुयांसारख्या स्फटिकांनी बसतो. ॲरागोनाइट किंवा मॅग्नेशियमवाला कॅल्साइट, शिंपला ज्या मालाचा तोच माल. परत भरती, परत ओहोटी, दिवसातून दोनदा. वाळूतले सूक्ष्मजीव पण याला हातभार लावतात. शिवाय माडांच्या वाड्यांकडून गोडं पाणी जमिनीखालून समुद्राकडे पाझरत असतं, ओहोटीला पुळणीच्या वरच्या अंगाला त्याचे बारीक ओघळ दिसतात, ते खाऱ्या पाण्यात मिसळतं तिथेही चुन्याचं गणित बदलतं. अशी काही दशकं मिळाली तरी घट्ट थर होऊ शकतो. बाकी खडकांना लाखो-कोटी वर्षं लागतात म्हणतो आपण, आणि इथे एका माणसाच्या आयुष्यात काम उरकतं.

हे सगळं वाळूच्या पांघरुणाखाली होतं बरं का, उघड्यावर नाही. लाटांनी कण रोज हलवले तर सांधणार कसे? वरून थोडी स्थिर वाळू हवी, खाली ओलावा हवा. म्हणून करळ उघडा दिसला याचा अर्थ वरची वाळू निघून गेलेली आहे. एखाद्या किनाऱ्यावर आजी-आजोबा सांगतात की आमच्या लहानपणी इथे मऊ पुळण होती आणि आज तिथे करळाच्या लाद्या उघड्या पडल्यात, तर तिथली वाळू सरकलीय हे त्या लाद्याच सांगतायत. आणि आजच्या भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर करळ सापडला तर तो बनला तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा वर होती किंवा जमीन नंतर उचलली गेली, म्हणून समुद्रपातळीचा अभ्यास करणारे करळाच्या मागे लागतात. उरणच्या करळाचा असा अभ्यास झालेला आहे, त्यातल्या शंख-शिंपल्यांच्या जातींसकट.

म्हणूनच हातोडा नको म्हटलं. उघडा पडलेला करळ लाटांचा जोर थोडा अंगावर घेतो, मागची वाळू धरून ठेवतो, तो फोडला की पुळणीची ढाल गेली. फटीफटीत कालवं, खेकडे, कोलंबीची पिल्लं राहतात. सुटा पडलेला तुकडा हातात घ्या, बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. वेळासच्या बाजूला हिवाळ्यात जाणार असाल तर कासवांच्या घरट्यांच्या जागा सोडून चाला.

चुन्याचं हे फिरणं आपल्या लोकांना आधीपासून माहीत होतं, फक्त वेगळ्या नावाने. शिंपले भट्टीत भाजायचे, त्याचा चुना करायचा, पाण्यात विरवायचा, वाळूत मिसळून दगडाच्या सांध्यात भरायचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत शिंपल्याच्याच मालाचा होतो. किल्ल्याची भिंत आणि करळ, दोन्हींत वाळूचे कण धरून ठेवणारा पदार्थ एकच आहे, भिंतीत गवंड्याने भरलेला आणि पुळणीत समुद्राने.

घरी करून बघा

मुलांबरोबर करायला छान आहे. कागदाचे चार कप घ्या, प्रत्येकात धुतलेली वाळू आणि शिंपल्याचे तुकडे. पहिल्यात नुसतं पाणी घालून दाबा. दुसऱ्यात कडक मिठाचं पाणी. तिसऱ्यात ओल्या मातीचा गाळ. चौथ्यात पानाच्या गादीवरचा चुना, एक भाग चुना तीन भाग वाळू, हातमोजे घालून कालवायचं आणि डोळ्यांपासून लांब ठेवायचं. तळाला बारीक भोकं पाडा आणि सावलीत ठेवा. आठवड्याने पहिले तीन कप फाडा. चुन्याच्या कपाला महिनाभर द्या, अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा, कारण अगदी कोरडा पडला तर तो हवा खात नाही. मग चारही ढेकळं पाण्याच्या ताटलीत ठेवा. पहिलं लगेच विस्कटतं. मिठाचं आधी एकदम टणक वाटतं आणि पाण्यात विरघळतं. गाळाचं फुगून ढासळतं. चुन्याचं उभं राहतं. फटीत काय भरलंय यावर सगळं कसं अवलंबून असतं ते मुलांना एका ताटलीत दिसतं.

कुठे जायचं

सुरुवात नदीच्या गोट्यांपासून, मग रायगड-रत्नागिरीचा एखादा किनारा करळासाठी, तिथे स्थानिकांना करळ कुठे आहे विचारा, कालवं काढणाऱ्या बायकांना नेमकं माहीत असतं. मग जुन्या विहिरी, गडगे, देवळांच्या पायऱ्या बघा, दगड कुठून आणलाय ते ओळखायचा प्रयत्न करा.

त्यानंतर खाली सिंधुदुर्गात उतरा. तिथे काळ्या पाषाणाचं आवरण बऱ्याच ठिकाणी संपतं आणि त्याच्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावाचं नाव ज्यांना मिळालंय ते वालुकाश्म, क्वार्टझाइट (आणखी कठीण झालेला वालुकाश्म), पिंडाश्म, शेल (बारीक चिखलाचा पातळ थरांचा खडक). कणकवली तालुक्यात कासार्ड्याची सिलिका वाळू प्रसिद्ध आहे ती याच जुन्या खडकांतली. हे गोटे शंभर कोटी वर्षांच्या घरातल्या आणि त्याहूनही जुन्या काळातल्या पाण्याने घासलेले, तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं की गवत नव्हतं, आणि आपला काळा पाषाण यायला अजून कितीतरी काळ जायचा होता. सकाळी करळाच्या लादीवर हात ठेवा आणि संध्याकाळी अशा पिंडाश्मावर. करळात भेग गोट्याला वळसा घालते, इथे बऱ्याचदा आरपार जाते, सिलिकाचा सिमेंट गोट्याइतकाच कठीण झालेला. खाणीत परवानगीशिवाय शिरू नका, रस्त्याकडेचे आणि ओढ्यातले उघडे खडक पुरेत.

वहीत प्रत्येक ठिकाणी तारीख, तिथी आणि जागा लिहा, मग कडा, माप, फटीतला माल, लिंबाचा निकाल, थरांचा उतार कुठल्या दिशेला. फोटोत पट्टी किंवा नाणं ठेवायला विसरू नका, नाहीतर घरी आल्यावर मोसंबं होतं की मिरी होतं तेच कळत नाही. आणि करळाची एक जागा स्वतःची म्हणून धरा, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की एकदा, त्याच माडाखाली उभं राहून त्याच दिशेने फोटो काढा. माझ्या जागेवर गेल्या खेपेला तीन लाद्या उघड्या होत्या, या खेपेला पाच आहेत, आणि पाचवीत बेसाल्टच्या गोट्यांची एक ओळ आहे जी मी आधी कधी बघितली नव्हती.